आढ्यावरचा जावई

बुइलोरो, मालियानाच्या वरचा पाडा
११ फेब्रुवारी २००१

चि. सौ. देओलिंदा हिस,
दादाचे अ. उ. आ.

चर्चच्या सिस्टर परवा सीमेपलीकडून आल्या आणि तुझी चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. तू, दोन्ही पोरं आणि तुझा नवरा अतांबुआच्या छावणीत जिवंत आहात हे कळल्यावर आईने आधी छातीवर क्रूस काढला आणि मग दीड वर्ष एक ओळ पाठवली नाहीस म्हणून तुला जे काही बोलली, ते इथे लिहीत नाही. पत्र सिस्टरांच्याच हातून जायचं आहे.

इकडे सर्व क्षेम, म्हणजे जळायचं होतं ते सगळं जळून झालं आहे. स्वातंत्र्याच्या मतदानानंतरच्या त्या सप्टेंबरात टोळीवाल्यांनी पाड्यात एक भिंत ठेवली ती शाळेची, आणि तीही बहुतेक काडेपेटी संपली म्हणून. आता छपराचे पत्रे येताहेत. ते वाटायला समिती आहे आणि समितीवर मी आहे. परदेशी पाहुणे आले की कुळातले वडीलधारे म्हणून कायेतानो काका मलाच पुढे करतात आणि टोळीच्या धावत्या ट्रकमधून मी नदीत उडी कशी मारली ते पुन्हा सांगावं लागतं. सांगून सांगून घसा बसला, पण लोकांना नाही कसं म्हणायचं? त्या ट्रकमधून तुमच्याबरोबर पलीकडे नेलेले बहुतेक सगळे गेल्या वर्षी परत आले. इसाउराही आली, नवऱ्याशिवाय, एकटीच.

आता मुद्द्याचं. कुळघर पुन्हा उभं करायचं ठरलं आहे. नोव्हेंबरात पुढचा पाऊस लागायच्या आत गवत चढलं पाहिजे. खांब मिळाले, बांबू मिळाले, ताडाच्या काळ्या दोऱ्या वळून झाल्या. अडलंय ते आढ्यापाशी. आपल्या कुळात आढं शाकारायचा मान थोरल्या मुलीच्या नवऱ्याचा, हे तुला ठाऊकच आहे. थोरली तू. म्हणजे आढ्यावर चढायचं झेफेरिनोने. आणि टोळीचा ट्रक चालवणाऱ्यांची चौकशी करायची म्हणून समितीने जी यादी केली, तिच्यात पहिलं नाव झेफेरिनोचं आहे. यादी माझ्याच अक्षरात आहे.

तेव्हा असं कर. आपला मान आपण खुशीने सोडला, दुसऱ्या कुणा जावयाने आढं बांधावं, अशा दोन ओळी त्याच्याकडून लिहून घे आणि सिस्टरांबरोबर पाठव. त्यालाही त्रास नको, आम्हालाही नको.

पोरांना पापे. तुझ्यावरची माया जळितात गेलेली नाही, एवढं ध्यानात असू दे.

तुझा,
आबिलियोदादा

*

अतांबुआची छावणी
४ मार्च २००१

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. आईच्या शिव्या तू लिहिल्या नाहीस तरी मला ऐकू आल्या आणि फार बरं वाटलं. तिला सांग, पत्र पाठवलं नाही कारण इथे कुणी तिकडे पत्र पाठवलं की छावणीचे म्होरके त्याच्या झोपडीत गप्पा मारायला येतात, आणि त्यांच्या गप्पा लवकर संपत नाहीत.

आम्ही ठीक. प्लास्टिकचं छप्पर दुपारी तापतं, तेव्हा चुलीला लाकूड कमी लागतं असं मी पोरांना सांगते. हे मोटारसायकली दुरुस्त करतात. थोरल्याला हिवताप येऊन गेला. तुझं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. यादीत पहिलं नाव आपलं आहे हे ऐकून ह्यांना राग आला नाही. आढ्याचा मान लिहून मागितला त्याचा मात्र आला. दोन दिवस जेवले नाहीत. म्हणाले, जावई म्हणजे काय पहार आहे, शेजारून मागून आणायला? बोलवायचं असेल तर रीतसर विड्याचं पान-सुपारी पाठवा. दादा, ज्या माणसाकडे धड चप्पल नाही तो एवढा रुसू शकतो हे बघून मला लग्नातले दिवस आठवले.

ह्यांनी डोक्याला टोळीची लाल-पांढरी पट्टी बांधली हे तर खरंच. पण त्या उन्हाळ्यात पाड्यातल्या प्रत्येक पुरुषाने बांधली होती. तुझी मी शिवली होती, आईच्या लाल परकराची. ती यादीत आली नाही वाटतं.

आणि ती उडी. गेल्या खेपेला सिस्टर म्हणाल्या की तू झुडपात उडी मारलीस. आता नदी आली. सप्टेंबरात त्या नदीला घोट्याएवढं पाणी असतं. दादा, मी केबिनमध्ये बसले होते, दोन्ही पोरं मांडीवर. पहारेकरी उतरून पुढच्या गाडीत दारू प्यायला गेला, तेव्हा वळणावर ह्यांनी ट्रक मागे पाडला, थांबवला, रेडिएटरला पाणी हवं म्हणाले आणि मागे गेले. परत आले तेव्हा तू ट्रकमध्ये नव्हतास. ट्रक धावत नव्हता हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तू पाहुण्यांना हवं ते सांग, तुझ्या घशाची मला काळजी आहे. पण तुझ्या गोष्टीत ड्रायव्हर कुठेच नाही, आणि तुझ्या यादीत तो पहिला आहे. हे मात्र मला बघवत नाही.

इसाउरा कशी आहे? तिच्या सिप्रियानोला त्याच ट्रकमधून सीमेच्या नाक्यावर उतरवून नेलं, ते मी केबिनच्या आरशात पाहिलं होतं. त्याचं काही कळलं का, हे विचारायचंसुद्धा धैर्य होत नाही. ती माझ्याबद्दल काही बोलते का, ते लिही.

आईच्या पायांवर डोकं. रागावलास तरी पत्र पाठव, राग इथे कुणी काढून घेत नाही.

तुझी,
देओ

*

बुइलोरो
२ एप्रिल २००१

चि. सौ. देओलिंदा हिस,
अ. आ.

जुन्या गोष्टी पत्रात लिहू नयेत. सिस्टर फार चांगल्या आहेत, पण पाकीट चिकटवत नाहीत.

तुझ्या सांगण्याप्रमाणे विड्याची पानं आणि सुपारी यासोबत पाठवली आहे. वाटेत सुकली तर ती माझी चूक नव्हे. झेफेरिनोने मान सोडल्याचं लिहून द्यावं, हा प्रस्ताव काकांना सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि म्हणाले की म्हाताऱ्या माणसाची टिंगल करणं समितीच्या कामात बसतं का. तरी आम्ही चुलतबहिणीच्या नवऱ्याला वर चढवून पाहिलं. त्याने अर्धं आढं बांधलं आणि काकांनी खाली बसून ते पूर्ण उतरवायला लावलं. आता पाड्यात सगळे माझ्याकडे बघतात.

म्हणून मी एक मार्ग काढला आहे. झेफेरिनोला येऊ दे. रीतीप्रमाणे काका समेटाची चटई अंथरतील, दोन्ही बाजू चटईवर बसतील. त्याने एवढंच सांगायचं की ट्रकचं चाक आपोआप पंक्चर झालं, आणि मी उडी मारली. थांबलेल्या ट्रकमधूनही उडीच मारतात. मी त्याला माफ केलं असं म्हणेन, काका पाणी शिंपडतील, आणि यादीत त्याचं नाव मी पहिल्यावरून अकरावं करीन. अकराव्यापर्यंत कुणी वाचत नाही. ३० ऑगस्टला इथे पुन्हा मतदान आहे, त्यानंतर लोकांना यादी आठवणारही नाही.

इसाउराचं विचारलंस. सिप्रियानोचं काहीच कळलं नाही. ती विणते. तुझ्याबद्दल काही बोलत नाही, कुणाबद्दलच बोलत नाही. पत्रे घ्यायला आली, अंगठा उठवला, गेली. मी पाहुण्यांना उडी सांगतो तेव्हा मात्र ती नेहमी येऊन समोर बसते आणि शेवटपर्यंत ऐकते. ऐकून झालं की उठून जाते. मला वाटतं, तिला त्यातून धीर मिळत असावा.

ता. क. आई लिहायला सांगते: मका, वाल आणि भोपळा एकत्र शिजवला की तुझा वाटा बाजूला काढते आणि संध्याकाळी तो स्वतःच खाते, त्यामुळे जाड झाली आहे. तू लवकर ये.

माझा हात आखडता नाही, तूही मन आखडतं घेऊ नकोस.

आबिलियोदादा

*

छावणी
१५ जून २००१

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पानं सुकली, पण पोचली. ह्यांनी एक लावून खाल्लं आणि उरलेली उशाशी ठेवली. आता रुसवा गेला.

इथे गेल्या आठवड्यात आमची नोंदणी झाली. पुन्हा कागद, पुन्हा दोन चौकोन: परत जायचं की इथेच राहायचं. टेबलापाशी छावणीचा म्होरक्या हात मागे बांधून उभा होता, कुणाला काही बोलत नव्हता, नुसता सगळ्यांच्या पोरांची चौकशी करत होता. ह्यांनी इथेच राहायचं यावर खूण केली, मीही केली. सगळ्यांनीच केली. तेव्हा कागदावर आम्ही आनंदाने राहतोय असं दिसलं तर घाबरू नकोस. दोन वर्षांपूर्वीसुद्धा हे पट्टी बांधून ट्रकच्या टपावर उभे राहून एकीकडच्या घोषणा देत होते आणि आत जाऊन मतपत्रिकेवर खिळ्याने भोक पाडलं ते दुसरीकडे. मला सांगितलं तेव्हा दरदरून घाम फुटला होता. म्हणजे तुझ्या स्वातंत्र्यात एक मत ह्यांचं आहे, यादीत लिहायला जागा असेल तर लिही.

तुझा तो पंक्चरचा मार्ग मी वाचून दाखवला. मला वाटलं होतं आता आठ दिवस जेवणार नाहीत. पण हे ताबडतोब तयार झाले. पंक्चर तर पंक्चर, उडी तर उडी, आबिलियो म्हणेल ते म्हणतो, म्हणाले. इतके पटकन तयार झाले की मलाच बरं वाटलं नाही. पानासाठी दोन दिवस उपाशी राहणारा माणूस स्वतःचा जीव ओवाळून टाकल्यासारखा हो म्हणतो, याचा अर्थ मला लागला नाही.

पण मी हो म्हणत नाही. चटईवर बसून खोटं बोललं की त्या घराचं आढं गळतं, हे काकांनी आपल्या दोघांना एकाच दिवशी सांगितलं होतं. तू तेव्हा खोटं बोलून माझं रताळं खाल्लं होतंस. तेव्हा माझी अट ऐक. चटई आधी अंथरा, आम्ही नसताना. तू सांग ट्रक कुणी थांबवला. मग आम्ही येतो. नाहीतर पोरं इथे मोठी होतील आणि मी इथेच म्हातारी होईन. आईला काय सांगायचं ते तू बघ. मला ती हवी आहे, दादा. रोज हवी आहे.

थट्टा केली तरी तुझीच आहे, हे पत्र फाडू नकोस.

देओ

*

बुइलोरो
२० जुलै २००१

सौ. देओलिंदा हिस,

आशीर्वाद. तू लहानपणापासून हट्टी. समितीत माझं एक स्थान आहे. पाहुण्यांपैकी एकाने माझी उडी पुस्तकात छापली आहे, फोटोसहित. छापलेलं मी आता कसं पुसू? विचार कर आणि कळव.

आबिलियो

*

छावणी
५ ऑगस्ट २००१

दादास सा. न.

थोरल्याला पुन्हा ताप. विचार केला. म्हणणं तेच.

देओ

*

बुइलोरो
९ सप्टेंबर २००१

चि. सौ. देओलिंदा हिस,
दादाचे अ. उ. आ. वि. वि.

काल सांगितलं. आता लगेच सगळं लिहून काढतो.

मतदान झालं, पाहुणे गेले, आणि काकांनी एकदा येऊन विचारलं की गवत पिवळं पडायला लागलंय, जावयाचं काय ठरलं. मी म्हणालो, चटई अंथरा, मला बोलायचंय. कुळघराच्या उघड्या वाशांखाली सगळे बसले. मी उभा राहिलो. काका म्हणाले, चटईवर बसून बोलतात, समितीत उभं राहतात. बसलो. मग सांगितलं की ट्रक धावत नव्हता, झेफेरिनोने थांबवला, मागची फळी उघडली आणि त्याच्यामुळे मी जिवंत आहे. नदीत पाणी नव्हतं हेही सांगितलं. माझं नाव घेऊन कुणी थुंकेल, पत्र्यांचं काम काढून घेतील, अशी तयारी केली होती.

तसं काहीच झालं नाही. मग मागून एक म्हातारी म्हणाली की लाथेचं राहिलं. सगळे हसायला लागले. देओ, ते खरं आहे, तुलासुद्धा ठाऊक नसेल. फळी उघडल्यावर मी उतरायला तयार नव्हतो. कठडा धरून बसलो होतो. झेफेरिनोने कंबरेत लाथ घालून मला खाली ढकललं. आईनेही तेवढ्यात सांगून घेतलं की लहानपणी म्हशीवरून उतरायलाही हा मामाला हाक मारायचा. मी वेडाच. ट्रकमध्ये तीस माणसं होती, तीसही जणांनी लाथ पाहिली होती, आणि दीड वर्ष मी त्यांनाच समोर बसवून उडी सांगत होतो. पत्रे माझ्या हातात होते म्हणून गप्प बसलात का, असं मी हसत हसत विचारलं. दोघातिघांनी प्रामाणिकपणे हो म्हटलं.

मग इसाउरा बोलली. मी तिचा आवाज दोन वर्षांत ऐकला नव्हता. ती म्हणाली, पत्र्यांमुळे नव्हे. तू धावत्या ट्रकमधून उडी मारलीस असं म्हणत होतास तोवर बरं होतं. धावत्या ट्रकमधून एखादाच उडी मारू शकतो. पण ट्रक थांबला होता असं म्हटलं की मला विचारावं लागतं, झेफेरिनोने तो फक्त मेव्हण्यासाठीच का थांबवला. माझा सिप्रियानो तुझ्या शेजारी बसला होता.

देओ, मी खाली चटईकडे बघत राहिलो. मला दोन वर्षांत एकदाही हा प्रश्न पडला नव्हता, याची मला लाज वाटते. मला आतापर्यंत माझीच लाज झाकायची होती, बाकी काही दिसलंच नाही.

काकांनी तिला विचारलं की तिला काय हवं आहे. ती म्हणाली, यादी फाडा, तिचा मला उपयोग नाही. झेफेरिनोला येऊ द्या, कुणी त्याला हात लावू नका. त्याने चटईवर माझ्यासमोर बसावं आणि मला उत्तर द्यावं. मग त्याला कुठे चढायचं तिथे चढू दे. काका हो म्हणाले, सगळे हो म्हणाले. यादी मी फाडली.

म्हणजे तुझी अट मी पुरी केली आणि तुमचा रस्ता मोकळा झाला. पण कसला रस्ता मोकळा झाला ते मला कळत नाही. यायचं की नाही हे तुम्हीच ठरवा, या वेळी मी काही सुचवत नाही.

तुझा, जसा आहे तसा,
आबिलियोदादा

*

छावणी
२३ सप्टेंबर २००१

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मी मोठ्याने वाचलं. इसाउराचं वाक्य आलं तिथे हे उठले, बाहेर गेले आणि दिवसभर एकच कार्बुरेटर उघडत आणि जोडत बसले. संध्याकाळी आत आले आणि जे सांगितलं ते मलाही आजवर सांगितलं नव्हतं. जसं सांगितलं तसं लिहिते.

त्या सकाळी पहारेकऱ्याच्या हातातल्या कागदावर ह्यांनी नाक्यावर उतरवायची दोन नावं पाहिली होती, तुझं आणि सिप्रियानोचं. वळणावर वेळ होता. मी केबिनमध्ये बसून समजत होते की क्षणभराचीच संधी होती, तसं नव्हतं. तुला ढकलल्यावर सिप्रियानो उठला आणि त्याने एक पाय बाहेर टाकला. ह्यांनी तो पाय आत ढकलला आणि फळी लावली. एक माणूस कमी भरला तर त्याने उडी मारली असं सांगता येतं. दोन कमी भरले तर ड्रायव्हरला विचारतात. पुढे नाक्यावर ह्यांनी तेच सांगितलं, धावत्या ट्रकमधून आबिलियोने उडी मारली म्हणून. ती गोष्ट तुझी नाहीच, दादा. ती पहिल्यांदा ह्यांनी सांगितली, आणि टोळीवाल्यांनी ती मानली.

ह्यांचं म्हणणं असं की यादीला, तुला किंवा समितीला ते कधीच घाबरले नव्हते. मान, विडा, रुसवा, सगळी नाटकं होती. इसाउरा परत आली आहे हे तुझ्या पहिल्या पत्रात ऐकलं, तेव्हापासून ते या प्रश्नाची वाट बघत होते. पंक्चरला लगेच हो म्हणाले तेही त्यामुळेच, पंक्चर झालं असतं तर कुणी विचारलं नसतं. मी खूप रडले. मग राग आला. मग मांडीवरची दोन पोरं आठवली, आणि ह्यांना काही बोलायची माझीही लायकी नाही असं वाटलं.

आम्ही शुक्रवारी सीमेच्या पुलावर उतरतो. म्होरक्याला औषधाला जातोय असं सांगितलंय. आईला सांग, माझा वाटा त्या दिवशी तिने खाऊ नये.

इसाउराला निरोप दे. उत्तर माझ्याकडे नाही असं हे म्हणतात, मी घाबरलो एवढंच आहे, पण ते तिच्या समोर बसून सांगायला येतो. कुळघराकडे नंतर बघू. आधी तिच्या दारात जातो.

लोभ ठेवा असं लिहायला आज हात धजत नाही. उरला असेल तेवढा राहू द्या.

तुमची,
देओलिंदा